विरोध सोसणारं तर्कशास्त्र



स्वागत समितीच्या वतीनं यवतमाळ नगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. या गावानं गदिमांच्या अध्यक्षतेखालचं १९७३ चं साहित्य संमेलन पाहिलं, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालचं २०१९ चंही पाहिलं आणि त्या वेळी उद्घाटकांच्या निमंत्रणावरून पेटलेला वादही. मतभेदांची सवय असलेल्या गावात तर्कशास्त्राची परिषद भरते आहे, हे योग्यच झालं.

विषय आहे ‘पॅराकन्सिस्टंट लॉजिक’. नाव परकं, पण अडचण ओळखीची. शेतजमिनीच्या एकाच गटाला, एकाच हंगामात, पीक पाहणीत सोयाबीन आणि विम्याच्या अर्जात कापूस! अभिजात तर्कशास्त्र सांगतं, परस्परविरोधी दोन विधानं मान्य केलीत की त्यांतून वाटेल ते सिद्ध होतं. म्हणजे त्या दोन कागदांवरून अख्खा तालुका माझ्या नावावर चढायला हरकत नाही. तलाठी असं करत नाहीत. ते त्या गटापुरती चौकशी लावतात. बाकी गावाचे फेरफार चालूच राहतात.

हेच शहाणपण पोलंडच्या स्तानिस्लाव यास्कोव्हस्की यांनी १९४८ मध्ये आणि ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्टा यांनी १९६३ मध्ये काटेकोर नियमांत बसवलं. नाव मात्र १९७६ मध्ये मिळालं. ब्राझीलमधल्या कांपिनासच्या परिसंवादात पेरूचे तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को मिरो केसादा यांनी ते दिलं. त्यातल्या ग्रीक ‘पॅरा’चा अर्थ पुष्कळजण ‘पलीकडे’ असा लावतात. मिरो केसादांच्या मनात ‘जवळजवळ तसंच’ हा अर्थ असावा. हा फरक महत्त्वाचा आहे. विरोध खरा असतो, असं हे शास्त्र म्हणत नाही. तो निघाला म्हणून सगळा विचार ढासळू नये, एवढीच त्याची काळजी.

आपल्या परंपरेकडे वळायचं तर, विदर्भाचे सुरेंद्र बारलिंगे यांनी १९६५ मध्ये भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. त्या वाटेनं जाताना जैनांच्या स्याद्वादाशी या शास्त्राची सोयरीक घाईनं जुळवू नये. ‘स्यात्’ म्हणताच दृष्टी वेगळी ठरते आणि विरोध मुळात उरतच नाही, असंही मत आहे.

मराठी नावासाठी माझी सूचना ‘विरोधसह तर्कशास्त्र’; आगीत टिकणाऱ्या विटेला आपण ‘अग्निसह’ म्हणतोच. पटलं नाही तर परिभाषेच्या सत्रात खुशाल खोडून काढा. निवास-भोजनात काही उणं राहिलं, तर ते मात्र आम्हाला सांगा.