मास्क उतरला, आता मागे राहिलेल्या बाईला हाक मारूया

 

पाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०२२ ला, आपल्या राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क लावायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर आलं. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आला. एप्रिलअखेर संप मिटून एसटीही धावू लागली. बाजार भरले, यात्रा झाल्या, लग्नात पंगती उठल्या. पण दोन वर्षांची सवय एका रात्रीत कशी जाईल? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

तसं बघितलं तर तोंडाला फडकं बांधणं आपल्याला नवं नव्हतंच. बाजरीची मळणी असो, कांदा चाळीत भरायचा असो, आपण पदर नाकावर घेऊनच उभ्या राहतो. पण तो धुरळ्यासाठी होता. मास्क भीतीपोटी लावला. म्हणून तो काढायला काहींचा हातच धजत नाही. कोणाच्या घरातलं माणूस गेलंय, कोणाला दमा आहे, कोणाच्या घरी ऐंशीची सासू आहे. अशी एखादी गटाच्या बैठकीला मास्क लावून आली, तर "अगं, गेला की आता कोरोना!" असं म्हणून तिला हसू नका. आणि जिने काढलाय तिच्याकडे डोळे वटारूनही बघू नका.

मात्र काही ठिकाणी मास्क हवाच, असं आम्हाला वाटतं. दवाखान्यात जाताना, खच्चून भरलेल्या गाडीत, आणि स्वतःला सर्दी-खोकला असेल तेव्हा. पिशवीत एक धुतलेला मास्क असू द्या. २०२२ मध्ये साठीच्या पुढच्या माणसांना दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी तिसरा डोस सरकारी केंद्रात मोफत मिळत होता. बारा वर्षांपुढच्या मुलांनाही तेव्हा लस मिळत होती. आता काय सोय आहे ते आशाताईला विचारा, ती सगळं सांगेल.

आता गटाचं बोलूया. टाळेबंदीत आपण बचत दारोदार फिरून गोळा केली. वही एकीच्या घरी, पैसे दुसरीच्या हातात, सह्या जमेल तेव्हा. त्या दिवसांत तेही मोठं काम होतं. पण आता गोल करून बसायला हवं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब ही आपली पंचसूत्री. त्यातलं पहिलं सूत्र बैठकीचं आहे, कारण कोणाचा चेहरा उतरलाय हे वहीत दिसत नाही, समोर बसल्यावरच दिसतं. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर टोचून बोलू नका. दोन वर्षांत कोणाच्या नवऱ्याची रांजणगावची किंवा कुरकुंभची नोकरी गेली, कोणाचं टोमॅटोचं पीक शेतातच सडलं. हप्ता लहान करा, मुदत वाढवा, पण लेखी ठेवा.

ज्या बायकांनी २०२० साली रात्र-रात्र जागून मास्क शिवले, त्यांचं ते काम आता बंद पडलं. शिवलेला मालही काही ठिकाणी पडून राहिला. मशीन मात्र दारात आहे आणि हात तयार आहे. जूनमध्ये शाळा उघडतात. गणवेश, दप्तरं, ब्लाऊज, पिको-फॉल ही कामं गटाने आपसात बोलून वाटून घेतली तर ते मशीन धूळ खात पडणार नाही.

मैत्रिणींनो, आता जे बोलायचंय ते जरा जड आहे. निर्बंध सगळ्यांचे उठले का हो? वटपौर्णिमेचंच बघा. त्या दिवशी आपण सगळ्या मिळून वडाला जातो. पण ज्या पोरींचे नवरे कोरोनाने गेले, त्या कुठे असतात? तिशी-पस्तिशीच्या लेकी आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत आहेत. मास्क आपण उतरवला, पण तिच्या कपाळावरचं कुंकू आणि हातातल्या बांगड्या ज्या निर्बंधाने काढल्या, तो उठवायला सरकारी आदेश लागत नाही. तो आपल्याच हातात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आपल्या दौंड तालुक्याला तर हा विषय जुना आहे. केडगावात पंडिता रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात विधवांना आणि उघड्यावर पडलेल्या मुलींना आसरा दिला, कामधंदा शिकवला. मग आपल्याला एक हळदी-कुंकू सगळ्यांसाठी करता येणार नाही का? एकदम नाही जमलं तर निदान तिच्या घरी जा. ती येईल न येईल, बोलावणं गेलं पाहिजे.

आणि नुसतं बोलावणं पुरत नाही, तिचे कागदही बघा. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं का? तलाठ्याकडे तिच्यासोबत दोघी जा. कोरोनाने गेलेल्या माणसाच्या वारसाला पन्नास हजार रुपयांची मदत ठेवली होती. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्जाला साठ दिवसांची मुदत होती, पण खऱ्या अडचणीमुळे ज्यांचा अर्ज राहिला त्यांना जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येत होतं. अशा बायकांना योजना मिळवून देण्यासाठी राज्याने 'मिशन वात्सल्य' सुरू केलं होतं. अंगणवाडीताईंकडे किंवा तहसील कचेरीत चौकशी करा. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचीही माहिती तिथेच मिळेल.

शाळेवरून आठवलं. शाळा बंद होत्या तेव्हा ज्या मुली शेतात, ऊसतोडीला गेल्या, त्या सगळ्या परत वर्गात बसतात का, हे प्रत्येक गटाने मोजावं. कोणाचं अठराच्या आत लग्न ठरत असेल तर आधी घरी जाऊन समजावा. ऐकलं नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. बाईला स्वतःला घरात त्रास असेल तर १८१ आहे. हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पालखीचंही तसंच. कोरोनाची दोन वर्षं तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये २० जूनला देहूहून प्रस्थान झालं आणि वारी पुन्हा पायी निघाली. यवतला पिठलं-भाकरीचा बेत होतो, वरवंडला, पाटसला दारात रांगोळ्या पडतात. भाकरी थापायला गावातल्या सगळ्या बायका लागतात, आणि तव्यासमोर कोण सवाष्ण, कोण विधवा हे कोणी विचारत नाही. तेच वटपौर्णिमेलाही चालू द्या.

म्हणून या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. वही उघडा, दोन वर्षांत कोण-कोण यायची थांबली त्यांची नावं काढा, आणि प्रत्येक नावासमोर कोण जाणार ते लिहा. पुढच्या बैठकीत किती जणी परत आल्या ते आम्हाला कळवा. आम्ही वाट बघतो. रामराम.