महागडा कॅमेरा आणि इतवारीची कसोटी

नागपूरच्या इतवारीतील सराफ्यात पिढ्यानपिढ्या सोने कसोटीच्या दगडावर घासून मगच घेतले जात असे. आता गिऱ्हाईक हॉलमार्कचा शिक्का पाहते. रीत पालटली, तत्त्व मात्र तेच राहिले : मोल चकाकीचे द्यावयाचे नाही, कसाचे द्यावयाचे. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून चरितार्थ चालवू पाहणाऱ्या तरुणापुढे आज असाच कसाचा प्रश्न उभा असतो. पंचेचाळीस किंवा एकसष्ट मेगापिक्सेलचा व्यावसायिक कॅमेरा भिंगावाचूनच तीन लाख रुपयांच्या पुढे जातो. तो बहुधा हप्त्यांवर घ्यावा लागतो, आणि हप्त्यांचा भार साऱ्या घरावर पडतो. म्हणून ही वस्तू त्या मोलाची आहे काय, हे पारखणे अगत्याचे आहे.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदू. कॅमेऱ्यातील सेन्सर नावाच्या चकतीवर प्रकाश टिपणारे सूक्ष्म कोष असतात. त्यांच्या संख्येवर चित्राचा बारकावा काही अंशी अवलंबून असतो. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा सिद्ध केला, त्यात अवघे १०,००० बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९९१ साली त्याच कंपनीने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी विक्रीस आणलेल्या कॅमेऱ्यात तेरा लक्ष बिंदू होते, आणि किंमत सुमारे वीस हजार डॉलर होती. आज साध्या मोबाईल फोनातही त्याहून कितीतरी अधिक बिंदू असतात. सोने जुने झाले तरी त्याचा कस उतरत नाही; बिंदूंसाठी मोजलेले मोल मात्र फार लवकर उतरते.

आता थोडे गणित पाहू. उत्तम छपाईला इंचामागे ३०० बिंदू पुरेसे मानतात. त्या मापाने ए-फोर आकाराच्या चित्राला सुमारे सत्त्याऐंशी लक्ष, तर त्याच्या दुप्पट ए-थ्री आकाराला सुमारे पावणेदोन कोटी बिंदू लागतात. फोर-के दूरचित्रवाणी संचाचा पडदा तर एकूण त्र्याऐंशी लक्ष बिंदूंचाच असतो. अर्थात लग्नाच्या अल्बमाला चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरून उरतो. भिंतीवरचे मोठे चित्र माणूस दुरून पाहतो, आणि एक मीटर अंतरावरून साधारण डोळ्याला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून बारीक भेद बहुधा दिसत नाही. जे डोळ्यालाच दिसत नाही, त्याचे मोल कोणी द्यावे?

दुसरी गोष्ट अशी की, चित्राचा बारकावा दुप्पट करावयाचा तर बिंदू चौपट लागतात. चोवीसावरून एकसष्टावर गेल्याने बारकावा जेमतेम दीडपटीहून थोडा अधिक वाढतो, आणि तोही भिंग उत्तम व हात स्थिर असेल तरच. भिंगाचे छिद्र फार लहान केले, म्हणजे एफ-सोळावर नेले, तर प्रकाशाच्या स्वाभाविक पसरण्याने प्रत्येक ठिपका सुमारे एकवीस मायक्रॉनांचा होतो. एकसष्ट मेगापिक्सेलच्या सेन्सरवरील एकेक कोष तर चार मायक्रॉनांहूनही लहान असतो. मग ते जादा कोष कोरेच काय ते टिपणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजूने निघणाऱ्या मारबतीचे उदाहरण घ्यावे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. त्या गर्दीत, पावसाळी अभ्राच्या मंद उजेडात, धक्के खात उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला उपयोग होतो तो चपळ फोकसाचा, मंद प्रकाशातही भरपूर उजेड घेणाऱ्या भिंगाचा आणि कोठे उभे राहावे हे जाणणाऱ्या नजरेचा. बिंदूंची संख्या तेथे शेवटी येते.

तथापि महाग कॅमेऱ्याची सारी किंमत बिंदूंचीच असते असे नव्हे. पावसा-धुळीपासून संरक्षण, दीर्घकाळ टिकणारा सांगाडा आणि एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र उतरविण्याची सोय, यांनाही मोल आहे. एक कार्ड बिघडले तरी लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून ही दुसरी सोय व्यावसायिकाला आवश्यकच समजावी. पण ती चोवीस मेगापिक्सेलच्या कित्येक कॅमेऱ्यांतही मिळते.

काही कामांत मात्र बिंदूंची विपुलता खरोखर कामास येते. जुनी पोथी, लुगड्याच्या काठाची वीण, किंवा चित्रातील रंगांच्या भेगा यांची कायमची नोंद ठेवावयाची असेल, तर बारकावा हाच त्या चित्राचा हेतू असतो. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाईट वॉच’ या चित्राची ८,४३९ छायाचित्रे शंभर मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने घेतली, ती जोडून ७१७ अब्ज बिंदूंची एक प्रतिमा सिद्ध केली आणि २०२२ साली ती जगापुढे ठेवली. असे काम वर्षातून एखादे वेळी येत असेल, तर कॅमेरा भाड्याने आणणे शहाणपणाचे.

साधनांची उणीव आणि दृष्टीची श्रीमंती यांचा धडा महाराष्ट्राने पूर्वीच पाहिला आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतःच घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. ते मुळात चित्रकार होते. छाया कोठे पडावी हे त्यांना यंत्र हाती येण्यापूर्वीच ठाऊक होते.

तात्पर्य, नवख्याने आपली पुंजी प्रथम चांगल्या भिंगात, मग प्रकाशयोजनेत आणि मग शिक्षणात घालावी. दागिन्यांची छायाचित्रे घेणाऱ्याला तर जवळून टिपणारे भिंग आणि नियंत्रित उजेड हेच खरे भांडवल होय. चांगले भिंग कॅमेऱ्यामागून कॅमेरे पालटले तरी हाती राहते. ज्या दिवशी गिऱ्हाईक मोठ्या बारकाव्यासाठी वेगळे दाम मोजू लागेल, त्या दिवशी तो महाग कॅमेरा आपल्याच कमाईतून येईल. तोवर घरावर हप्त्यांचे ओझे न घालणे हाच व्यवहार.