जो उचलणार, त्यानेच भरायची
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' हा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, इतकी वर्षं संगणकासमोर बसले, एवढीच ती वाटचाल. त्यापेक्षा जळगावहून तोरणमाळला सायकलने जायची तयारी कशी केली, ते सांगते. त्यात निदान थोडी फजिती तरी आहे.

नववीची सहल आठवते ना? लाल एसटी आणि तोरणमाळ. तेव्हा तोरणमाळ धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. सातपायरी घाटात मला तीन वेळा उलटी झाली. शेजारी कोण बसली होती ते सांगत नाही, ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. पण मला आदल्या दिवशीची संध्याकाळ जास्त आठवते. पी.टी.च्या सरांनी सगळ्यांना भरलेल्या पिशव्या घेऊन मैदानावर बोलावलं होतं. यादी साधी होती: ताट, वाटी, पेला, सतरंजी, स्वेटर, बॅटरी. सरांनी पिशवी खांद्यावर देऊन मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीनंतर निम्म्या मुलांनी काही ना काही काढून घरी पाठवलं. सर म्हणाले होते, "जो उचलणार, त्यानेच भरायची." सर, तुम्हाला आठवत नसेल. मलाही मध्ये तीस वर्षं आठवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या दोन मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदा निघाले. चोपडा, शिरपूर आणि शहादा असे तीन मुक्काम, चौथ्या दिवशी घाट. रोज साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हमरस्ता टाळून जमेल तिथे शेतरस्त्याने, केळीच्या बागांमधून, उजव्या हाताला सातपुडा ठेवून जायचं, म्हणून रुंद टायरच्या माउंटन बाइक घेतल्या होत्या. माझं सामान भरलं सतरा किलो. कपड्यांचे पाच जोड, दोन पॉवर बँक, औषधांचा मोठा डबा, आणि लॅपटॉप. ऑफिसमध्ये काही बिघडलं तर कोण बघणार? शिवाय जळगावला आई एकटी. तिच्यासाठी मी फ्रिजवर गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलं होतं, वर दिवसातून तीन फोन. माझ्या आईचं माहेर धुळ्याकडचं, रागावली की अहिराणीत बोलते. तक्ता बघून म्हणाली, "माले समदं समजस. तू तुनं दख."

मी माझं बघितलं नव्हतं, हे चौथ्या दिवशी कळलं. राणीपूरच्या पुढे एका दगडावरून सायकल घसरली आणि उजव्या बाजूवर पडली. मागचा गिअर सायकलला एका छोट्या धातूच्या तुकड्याने जोडलेला असतो, त्याला हँगर म्हणतात. सायकल पडली तर मूळ सांगाड्याऐवजी तो वाकावा किंवा तुटावा, म्हणून तो मुद्दाम कमजोर केलेला असतो. माझा तुटला. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, गावातल्या दुकानात तो मिळत नाही. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. सतरा किलोंमध्ये तेवढा एकच नव्हता. मैत्रिणीने चेन छोटी करून सायकल एकाच गिअरवर आणून दिली, पण एवढ्या ओझ्यासह ती चढावर हलेना. शेवटी सायकल जीपच्या टपावर बांधली आणि मी तोरणमाळला पुन्हा एकदा गाडीत बसूनच पोहोचले. वर फोनला रेंज नव्हती. लॅपटॉप मी उघडलासुद्धा नाही. दोन दिवसांनी रेंज आली तेव्हा ऑफिसमधून एकही मेसेज नव्हता. आईचा एक होता: "जेवलीस का?"

खरं सांगते, मेसेज नाही याचं मला आधी वाईट वाटलं. आपल्यावाचून सगळं अडतं, ही समजूत मी इतकी वर्षं सांभाळली होती. लॅपटॉप कामासाठी घेतलाच नव्हता, त्या समजुतीसाठी घेतला होता, आणि तो पावणेदोनशे किलोमीटर मीच ओढला होता.

दुसऱ्या वेळी, म्हणजे गेल्या डिसेंबरात, तयारी दोन महिने आधी सुरू केली आणि ती पिशवीपासून केली नाही. आधी ऑफिस. माझ्याकडची सगळी कामं लिहून काढली, एका सहकाऱ्याच्या हाती दिली आणि दोन शनिवार-रविवार फोन बंद ठेवून बघितलं. पहिल्या वेळी दोन गोष्टी अडल्या, त्या लिहायच्या राहिल्या होत्या. दुसऱ्या वेळी काही अडलं नाही. मग घर. भावाला सांगितलं, हे पाच दिवस आईकडे तू राहायचं. तो लगेच हो म्हणाला. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर पिशवी. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: ही नसेल तर प्रवास थांबेल, की फक्त गैरसोय होईल? थांबणार असेल, तर ती घ्यायचीच आणि जमलं तर जोडीला दुसरी. म्हणून दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप, ॲलन कीचा संच, चेन जोडायची कडी, ब्रेकचे जादा पॅड आणि अर्थातच हँगर. आपल्याकडे शेतरस्त्यावर बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. पाणी तीन लिटर आणि ओआरएसच्या पुड्या, कारण डिसेंबरातही दुपारचं ऊन आपलंच. रात्री तोरणमाळला चांगली थंडी पडते, म्हणून एक जाड जॅकेट. पंचेचाळिशीनंतर तारखांचा भरवसा नाही, म्हणून पाळीचं सामान. मैत्रिणींनो, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. कपडे मात्र दोनच जोड, एक अंगावर, एक पिशवीत. जड वस्तू खाली आणि सांगाड्याजवळ, म्हणजे उतारावर सायकल डुलत नाही.

मग सरांची परीक्षा. भरलेल्या पिशव्यांसह सिंहगडाच्या घाटात गेले. अर्ध्यात थांबून दुसरी पॉवर बँक, जाड टॉवेल आणि एक पुस्तक काढायचं ठरवलं. पाणी सोडून वजन भरलं साडेनऊ किलो. निघताना आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, ती मी मोजलेली नाही.

घाट मी पूर्ण सायकलवर चढले, असं सांगायला आवडलं असतं. तीन-चार वळणं उतरून ढकलत गेले. एका वळणावर बकऱ्या घेऊन चाललेल्या आजी थांबून माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. मीही हसले, बोलायला दम नव्हता. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठावर बसून दशमी खाल्ली. हँगर पिशवीच्या तळाशी न वापरलेला पडून होता.

येत्या डिसेंबरात पुन्हा जायचं आहे. आपल्यापैकी पाच जणांनी नावं दिली आहेत, त्यातले दोघे आयुष्यात कधी गिअरची सायकल चालवलेले नाहीत. जमेल, अजून वेळ आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी भरलेल्या पिशव्या घेऊन शाळेच्या मैदानावर यायचं. सर, तुम्हीही या. दोन फेऱ्या तुमच्यासमोरच मारायच्या आहेत.