उंदीरनाशक विष आणि महापालिकेची जबाबदारी



उंदरासारख्या क्षुद्र प्राण्याचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर कशाला, अशी शंका कोणी घेईल. पुण्याला तरी ती शोभत नाही. १८९७च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरणारे गोरे शिपाई या शहराने पाहिले, रँडची जुलमी कारवाई सोसली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या वेळी सरकारजवळ सत्ता होती, ज्ञान नव्हते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखविले ते १८९८ साली. आज ज्ञान आहे. त्याप्रमाणे वागण्याची तयारी आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

उंदीर मारण्याची विषे एका जातीची नाहीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओलावा लागताच विषारी वायू सुटतो; पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते. या दोहोंवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी, रक्त गोठू न देणारी विषे सावकाश काम करतात व त्यांवर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपाय चालतो. परंतु तसा उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या अंगात तेच विष उतरते. उंदरांचा नैसर्गिक शत्रू मारून उंदीर कमी करण्याचा हा अजब व्यवहार होय.

मग महापालिकेने बंदी का घालू नये? उत्तर कायद्यात आहे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली विक्री व वापर रोखण्याचा अधिकार केंद्र व राज्य शासनांना आहे, महापालिकेला नाही. राज्याचा अधिकारही तात्पुरता. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्र शासनाने पाच कीटकनाशकांवर जी बंदी घातली ती साठ दिवसांचीच होती.

परंतु अधिकार नाही म्हणून जबाबदारी नाही, असे होत नाही. कॅनडातील नॉर्थ व्हँकुव्हर येथील नगरपालिकेने २०२० साली आपल्या मालकीच्या जागांत उंदीरविष वापरणे बंद केले. पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने अधिक जहाल विषांवर २०२१ साली तात्पुरते व २०२३ पासून कायमचे निर्बंध घातले. अत्यावश्यक सेवांना सवलत ठेविली. पुणे महापालिकेच्याही मंडया, दवाखाने, शाळा व वसाहती आहेत. तेथे कोणते विष आणावे, ठेका कोणत्या अटींवर द्यावा, हे ठरविण्यास तिला कोणाची परवानगी लागत नाही.

ठेक्याचा मुद्दा गौण नव्हे. २०१८ साली एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातील उंदरांचा हिशेब मांडला: सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले! हा आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे, असा खुलासा सरकारपक्षाने केला. सभागृह हसले असेल. पण खुलासाच अधिक बोलका आहे. गोळ्या मोजल्या जातात. उंदीर कमी झाले की नाही, हे मोजले जात नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर विषावरील खर्च हे व्याज आहे. मुद्दल म्हणजे न उचललेला कचरा आणि फुटकी गटारे. अन्न व आसरा शाबूत असेल तर मेलेल्या उंदरांची जागा लवकरच दुसरे उंदीर घेतात. शिवाय विषाची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. आमिष ठेवणारा हात एकाचा, ते कचऱ्यातून उचलणारा हात दुसऱ्याचा. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था या शहराचा कचरा दारोदार गोळा करीत आली आहे. त्या कष्टकरी स्त्रियांच्या हाती विषारी आमिष आणि मेलेले उंदीर येतात, याची नोंद कोणत्याही निविदेत नसते.

मात्र पर्याय न देता विष काढून घेणे हा सुखवस्तूंचा भूतदयावाद ठरेल. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या वस्तीला गाठतो, आणि झोपडीतील धान्याला सिमेंटची कोठी नसते. म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. महापालिकेने आपल्या जागांत उतारा नसलेली विषे वापरू नयेत, सापळ्यांवर व बिळे बुजविण्यावर भर द्यावा, विषाची नोंदवही प्रभाग समितीपुढे उघडी ठेवावी. आणि त्याच ठरावाने वस्त्यांतील कचरा रोज उचलण्याची, गटारे दुरुस्त करण्याची व कचरावेचकांना हातमोजे देण्याची तरतूद करावी. पहिला भाग मान्य करून दुसरा टाळला, तर तो ठराव कागदावरच राहील.

कार्यकर्त्यांनी आपापल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे: गेल्या वर्षी विष किती आणले, कोठे ठेवले, आणि त्याच गल्लीतला कचरा किती दिवस पडून होता? या तीन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी मांडली की, उंदीर कोण पोसतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.