बंगला आपणांस मानवेल काय?



मुंबई-पुण्याकडे उमेदीचीं वर्षें घालवून पन्नाशीकडे झुकलेले माझे जुने विद्यार्थी सुटींत गडहिंग्लजला आले म्हणजे भेटावयास येतात आणि एक प्रश्न हटकून विचारतात : "गुरुजी, गांवीं बंगला बांधूं काय?" बांधण्याच्या खर्चाचा हिशेब त्यांनीं केलेला असतो, तेथें राहण्याचा हिशेब मात्र बहुधा राहून गेलेला असतो. आज तोच आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

'बंगला' हा शब्द मूळचा बंगालकडचा. त्या प्रांतांतील उतरत्या छपराच्या बैठ्या घरावरून तो निघाला आणि इंग्रजी अमदानींत साहेबांच्या ऐसपैस निवासांस चिकटला. साहेबाच्या दिमतीस माळी, भिस्ती, झाडूवाला असत, हें आपण विसरतों. आमचें जुनें घरही लहान नव्हतें. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, गोठा, मागें परडें असा त्याचा विस्तार असे. पण त्यांत तीन पिढ्या नांदत आणि कामास आठ-दहा हात असत. म्हणून घराचें माप चौरस फुटांनीं घेण्याआधीं तें झाडणाऱ्या हातांनीं घ्यावें, असें माझें मत आहे.

थोडें गणित करूं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीन गुंठे जागेंत १,००० चौरस फुटांचा बैठा बंगला बांधला तर भोंवतीं २,२६७ चौरस फूट मोकळी जमीन उरते. नकाशावर ती बाग असते. मृगाचा पाऊस पडून पंधरवडा लोटला कीं तिचें रान होतें. ज्यास मातींत हात घालण्याची हौस आहे, त्यास ती भाजी, व्यायाम आणि विरंगुळा देईल. ज्यास ती हौस नाहीं, त्यास जन्मभर गडी शोधावा लागेल.

आतां प्रकार पाहूं. स्वतंत्र बंगल्यास चारी बाजूंनीं उजेड व वारा मिळतो, आणि नगरपरिषदेच्या परवानगीनें पुढें खोलीही वाढवितां येते. परंतु चारी भिंतींस ऊन-पाऊस लागतो आणि रंगापासून गळतीपर्यंतचा सारा भार एकट्यावर पडतो. जोडबंगल्याची एक भिंत शेजाऱ्याशीं सामाईक असते. जागा व खर्च कांहींसा वांचतो, आणि अडचणींत हांक मारल्यास ती ऐकूं जाते. अर्थात् शेजाऱ्याचें भांडणही ऐकूं येतें. रो-हाऊस म्हणून जीं ओळीचीं घरें असतात, त्यांतील मधल्या घरास उजेड केवळ पुढून व मागून. तीं बहुधा अरुंद व दुमजली. निजावयाची खोली वर असल्यानें साठीनंतर प्रत्येक रात्रीं जिना चढावा लागतो. चौथा प्रकार कुंपणाच्या आंतील वसाहतीचा. तेथें रस्ता, दिवे, पाणी व पहारा सामाईक असतो. त्यासाठीं मासिक वर्गणी आणि बहुमत मानण्याचा स्वभाव लागतो. सहकारी घरबांधणी आपणांस नवी नाहीं. मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं निघाली. ज्यास शेजाऱ्यांच्या सभेंत चार तास शांतपणें बसवत नाहीं, त्यानें मात्र वसाहतीच्या वाटेस जाऊं नये.

आमच्या भागांत पावसाचाही विचार करावा लागतो. गडहिंग्लजहून आजऱ्याकडे व पुढें आंबोलीकडे जावें तसा पाऊस वाढतो. संकेश्वराकडे तो कमी होतो. घाटाकडे जांभ्याच्या भिंती व उतरतें छप्पर हें पूर्वजांचें शहाणपण होतें. तेथें सपाट स्लॅब घालून पुढें गळूं लागल्यावर त्यावर पत्रे चढविणें म्हणजे दुहेरी खर्च. याच छपराचें एक देणेंही आहे. १,००० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला कीं सुमारें २,३५० लिटर पाणी पडतें. तें टाकींत किंवा विहिरींत सोडण्याची सोय नकाशांतच करावी.

कागदपत्रांविषयीं एक सूचना. जागेचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र हीं जाणत्या वकिलास दाखवावीं. स्थावर संपदा कायदा २०१६ सालीं झाला. परंतु लहान प्रकल्पांस नोंदणींतून सूट आहे. चार-सहा घरांची ओळ विकत घेणारांनीं या कायद्याच्या भरंवशावर निर्धास्त राहूं नये.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतून कित्येक माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलींत दाटीनें राहून त्यांनीं गांवीं पैसा धाडला. १९८२ च्या संपानंतर पुष्कळांस परतावें लागलें. त्यांच्या पुढच्या पिढीनें खेडोपाडीं टुमदार घरें उठविलीं. त्यांतील कांहीं केवळ गणपतींत आणि यात्रेस उघडतात; एरवीं दारास कुलूप आणि चौकटीस वाळवी. पूर्वीं माणसें होतीं, जागा नव्हती. आतां जागा आहे, माणसें नाहींत.

म्हणून माझा सल्ला असा. बांधण्यापूर्वीं एक पावसाळा व एक उन्हाळा भाड्याच्या बंगल्यांत काढून पहा. मुलांच्या वर्षांतील आठ दिवसांसाठीं चार खोल्या बांधूं नका. वरचा मजला पेलेल असा पाया घालून ठेवा, म्हणजे झालें. दोघांच्या संसारास बाजार व दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असलेला बैठा जोडबंगला मला सर्वांत सोयीचा वाटतो.

शेवटचा प्रश्न कठीण आहे, पण विचारलाच पाहिजे. दोघांपैकीं एकजण मागें राहणार. त्या व्यक्तीस हें घर एकटीनें झाडतां येईल काय? रात्रीं दोन वाजतां दार वाजविल्यास उठेल असा शेजारी तेथें आहे काय? आपल्याकडे घरधनी नकाशा ठरवितो आणि घरधनिणीस भिंतीचा रंग विचारतो. तो क्रम बदला. हे दोन प्रश्न आधीं तिच्याशीं बोला, आणि मग इंजिनियराकडे जा.