जागतिकीकरण, देहव्यापार आणि मानवी हक्क



जागतिकीकरण म्हटले की आपल्याला १९९१ चे आर्थिक धोरण आठवते. परंतु देहव्यापारासाठी बायकांची परदेशी ने-आण त्याहून फार जुनी आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटींची ये-जा वाढली आणि मुंबईच्या कामाठीपुरा भागात युरोपातून, जपानमधून बायका येऊ लागल्या. तिथल्या एका रस्त्याला लोक 'सफेद गल्ली' म्हणत. आजूबाजूच्या गल्ल्यांत आपल्याच लेकी होत्या. देवदासी, जोगतिणी, मुरळ्या. देवाच्या नावाने सोडलेल्या. १६ जून १९३६ रोजी दामोदर हॉलमध्ये या भगिनींची सभा भरली तेव्हा बाबासाहेब त्यांच्यापुढे उभे राहिले आणि हे जिणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

१९९१ नंतर भांडवलाला आणि मालाला सरहद्दी सैल झाल्या. माणसाचे काय झाले, ते एका घटनेवरून पाहू.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई पोलिसांनी कुंटणखान्यांवर छापे घातले व चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. भारत-नेपाळ हद्द १९५० च्या करारामुळे खुली. येताना त्यांना पासपोर्ट लागला नाही. परत जायची वेळ आली तेव्हा मात्र नागरिकत्वाचा कागद आडवा आला! त्यांचे सरकार त्यांना लगेच घ्यायला तयार होईना. सोडवलेल्या मुली महिनोन्महिने सुधारगृहांत बसून राहिल्या. (सुटका म्हणायचे की दुसरी कैद?) अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुलींना मायदेशी नेले. परतलेल्या काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही संस्था काढली. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कामाठीपुरा आटत चालला आहे. जागेला सोन्याचा भाव आला. धंदा मात्र लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत आणि मोबाईलवर गेला. गल्ली निदान दिसत तरी होती. औशाहून पुण्या-मुंबईला कामाला निघालेल्या मुलीला काम कोण देणार, राहायला कुठे, हे आपण विचारतो का?

संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार निषिद्ध केला आहे. पण विकली गेलेली मुलगी वेगळी आणि पोटासाठी या धंद्यात राहिलेली सज्ञान बाई वेगळी. दोघींना एकाच गाडीत कोंबणे हा न्याय नव्हे, असे माझे मत आहे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. सज्ञान स्त्रियांना इच्छेविरुद्ध सुधारगृहांत ठेवले असेल तर त्यांची प्रकरणे तपासून ठरावीक मुदतीत त्यांना सोडावे. रहिवासाचा पुरावा नसला तरी त्यांना आधार कार्ड मिळावे. त्या कार्डावरून त्यांचा व्यवसाय ओळखता येईल अशी कोणतीही खूण असू नये, हेही त्या आदेशात लिहिले आहे.