काट्याआधी कळणारा आजार



 यंदा परिषदेने खाण्याशी निगडित मानसिक आजारांचा विषय निवडला, हे फार योग्य झालं. हे रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे पोचतात ते बहुधा सगळ्यांत शेवटी. त्याआधी ते आपल्यापैकी कुणा फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, आहारतज्ज्ञ वा समुपदेशकाच्या दवाखान्यात किंवा वर्गात येऊन गेलेले असतात.

पहिला धडा उपासमारीच्या एका प्रयोगाचा. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. लढायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा उभं कसं करायचं, हे शिकायचं होतं. २४ आठवडे त्यांचं जेवण जवळपास निम्म्यावर आणलं गेलं आणि वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. आश्चर्य पुढेच आहे. हे धडधाकट तरुण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, एकेक घास चिवडत ताटावर बसून राहू लागले. ते चिडचिडे झाले, चारचौघांत मिसळेनासे झाले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांचं खाणं लवकर ताळ्यावर आलं नाही.

घराघरांत ज्याला ‘हट्ट’, ‘नखरे’, ‘नाटकं’ म्हटलं जातं, त्यातलं बरंचसं वागणं उपासमारच घडवते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे जेवण कमी करत खंगत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णाला ‘आधी मन ताळ्यावर आण, मग जेव’ असं सांगून भागत नाही. मेंदूलाच अन्न हवं असतं.

दुसरा धडा हाँगकाँगचा. तिथले मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना लठ्ठ होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक लागत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पाश्चात्त्य पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे ठेवून बसलो, तर ‘दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं’ म्हणणारी आपल्या ओपीडीतली मुलगी ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी जाईल.

वजनाचा काटाही फसवतो. लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं वर्णन केलं. भरमसाट खाणं आणि मग ते उलटून टाकणं, हे त्याचं मुख्य लक्षण. हे रुग्ण बहुधा नेहमीच्याच वजनाचे दिसतात. हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांशी घट्टे पडतात, कारण वारंवार उलटी काढताना तिथे दात लागतात. दातांचं इनॅमल झिजतं, गालांमागच्या लाळग्रंथी सुजतात. तोंडातल्या या खुणा मनोविकारतज्ज्ञाआधी दंतवैद्याला दिसतात. अनावर खाण्याच्या आजाराला तर २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. त्यातले अनेक रुग्ण जास्त वजनाचे असतात आणि प्रत्येक दवाखान्यातून ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढंच ऐकून परततात.

मग ओळखायचं कसं? बदललेल्या वागण्यावरून. घरच्यांबरोबर जेवायचं टाळणं, ‘कॉलेजातच खाल्लं’ हे उत्तर रोजचं होणं. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणं. इतरांना आग्रहाने रांधून घालणं, स्वतः मात्र न शिवणं. ताप असतानाही व्यायाम न सोडणं. उन्हाळ्यातही अंगभर ढगळ कपडे. पाळी थांबणं, चक्कर येणं, केस गळणं, सतत थंडी वाजणं. मुलग्यांमध्ये जिम आणि प्रोटीन पावडरीच्या आड हेच चालतं, म्हणून तिकडे लक्ष जात नाही.

आपल्याकडे आणखी एक आडोसा आहे, उपवासाचा. श्रद्धेने केलेली एकादशी किंवा नवरात्र हा आजार नव्हे. पण एखाद्या मुलीचे वार एकाएकी वाढत गेले, उपवास सोडायच्या वेळीही ताट दूर सारलं गेलं, ‘आज नको करूस’ म्हटल्यावर ती घाबरीघुबरी झाली, तर आईने थांबून विचार करावा. त्यात शेजारपाजारचे ‘काय छान बारीक झालीस!’ म्हणतात आणि आजाराला शाबासकी मिळते.

१९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी साध्या पाच प्रश्नांची चाळणी प्रसिद्ध केली. फार पोट भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरलं का? इतर बारीक म्हणत असताना स्वतः जाड वाटता का? अन्नाने आयुष्य व्यापलंय असं वाटतं का? दोन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली, तर पुढची तपासणी हवी. हे निदान नव्हे, पण बोलण्याला वाट मिळते.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत आईवडिलांना दोष न देता मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवतात. मात्र फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येतं. अशा वेळी रुग्णालयच हवं.

म्हणून परिषदेपुढे तीन सूचना ठेवल्या आहेत. ते पाच प्रश्न मराठीत छापून प्रत्येक दवाखान्यात असावेत. शाळांनी भर वर्गात वजन मोजून ते मोठ्याने वाचणं बंद करावं. आणि जिल्हावार मनोविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व फिजिशियन यांची यादी, ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकासह, शिक्षकांच्या हाती द्यावी. दुपारच्या सत्रात ती यादी करायला बसायचं आहे. प्रत्येकाने आपल्या तालुक्याची नावं घेऊन यावं, ही विनंती.